परड्यात पुरलेला कचरा: भिंतीवर लावण्याआधी उलटून बघा

पावसाळ्याच्या पहिल्या एक-दोन मोठ्या सरी पडल्या की जुन्या घरांच्या परड्यातली माती धुपते आणि काहीतरी चमकायला लागतं. निळ्या वेलबुट्टीच्या बशीचा काठ, हिरवट जाड काच, बांगडीचा तुकडा. बेळगाव-खानापूरकडचं परडं असो नाहीतर गोव्यातलं परसू, दोन-तीन पिढ्या नांदलेल्या घरामागे हा माल असतोच. तुळशीवृंदावन, कट्टा, कंपाउंडची भिंत किंवा मोरीची जमीन सजवायला यापेक्षा चांगला आणि फुकटचा माल दुकानात मिळत नाही.

तो तिथे आला कसा, हे समजलं की शोधणं सोपं जातं. पूर्वी कचरागाडी नव्हती. शेण, राख, भाजीचे देठ उकिरड्यावर जायचे आणि तिथून खत होऊन शेतात. काच आणि चिनी माती शेतात गेली तर माणसांचे आणि बैलांचे पाय कापणार, म्हणून ती वेगळी, परड्याच्या कोपऱ्यात खड्ड्यात किंवा बुजवलेल्या आडात टाकली जायची. त्यातच फुटकं भांडं घरात ठेवू नये हा समज. बांगडी तर ‘फुटली’ असंही म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. मातीत राखेचा काळपट थर दिसला की समजावं, खड्डा जवळ आहे.

आता मुख्य गोष्ट. चिनी मातीचा तुकडा सिमेंटमध्ये बसवला की त्याची पाठ कायमची बुजते, आणि माहिती बहुतेक वेळा पाठीवरच असते. कारखान्याचा शिक्का, देशाचं नाव, एखादा आकडा. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून विलायती भांड्यांवर ‘इंग्लंड’ असं देशाचं नाव छापलं जाऊ लागलं. ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण लिहिलेलं असेल तर भांडं साधारणपणे विसाव्या शतकातलं. एवढ्या एका ओळीवरून घरात कपबशी कधी आली असेल, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून शिक्का असलेला तुकडा बसवूच नये, डब्यात ठेवावा. बाकीच्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, कोणत्या कोपऱ्यात आणि किती खोल सापडले ते वहीत लिहावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण नेमकं तेच राहून जातं.

कौलांच्या बाबतीत एक गंमत होते. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला आणि त्यांच्या कौलांवर हा आकडा उठवलेला असे. तो कारखान्याच्या स्थापनेचा आकडा, कौलाच्या जन्माचा नव्हे. त्यामुळे ‘आमचं घर १८६५ चं’ असं सांगणाऱ्याला कौल हा पुरावा पुरत नाही. खुद्द खानापूरही कौलं आणि मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, तेव्हा परड्यातलं प्रत्येक खापर लांबून आलं असंही समजू नये.

काच वाचायची ती शिवणीवरून. बाटलीच्या अंगावरची साच्याची रेघ थेट तोंडापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावर झालेली. मानेपाशीच संपत असेल तर तोंड हाताने घडवलेलं. मात्र आपल्याकडे हातकाम बराच काळ चालू होतं, तेव्हा एवढ्यावरून फार जुनं ठरवू नये. मानेत चिमटा असलेली जाड बाटली म्हणजे गोटी सोडा. हायरम कॉड या इंग्रजाने तिचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं. आतल्या गोटीसाठी पोरं बाटल्या फोडायची, म्हणून अख्खी बाटली क्वचित मिळते आणि गोट्या मात्र सापडतात. पातळ, बाकदार काच बहुधा कंदिलाची; कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाची आठवण जुन्या लोकांना अजून असेल.

उकरताना कुदळ नको, खुरपं बरं. जाड हातमोजे, पायात बूट, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. घराच्या पायालगत, बुजवलेल्या आडात किंवा जुन्या संडासाच्या खड्ड्यात खोल जाऊ नये, माती ढासळते. औषधाच्या बाटलीत काही शिल्लक असेल तर बूच उघडू नये. जुने सेल आणि थर्मामीटर वेगळे काढावेत. जुन्या रंगात आणि झिलईत शिसं असू शकतं, म्हणून तुकडे कोरडे घासू नयेत, पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवावेत. काचेवर इंद्रधनुष्यासारखी साय आली असेल तर तिला हात लावू नये, पापुद्रे सुटतात आणि ती रंगत परत येत नाही.

नाणी, मूर्ती, ताम्रपट किंवा कोरीव दगड लागला तर कलाकुसर तिथेच थांबते. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो, आणि कर्नाटकाचा या विषयावर स्वतःचा कायदाही आहे. आपल्याच परड्यात मिळालं म्हणून आपलं, हे इथे चालत नाही.

फुटक्या तुकड्यांचं काम आपल्याला नवं नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत चिनी मातीच्या तुकड्यांची जमीन आजही दिसते, आणि बडोद्याकडच्या लोकांना गच्चीवरचं पांढरं चायना मोझॅक सांगायला नको. उन्हाळ्यात त्यानं खालची खोली गार राहते. चंदीगडला रस्त्यांवर देखरेखीची सरकारी नोकरी करणाऱ्या नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि पाडलेल्या गावांचा राडारोडा वापरून गुपचूप बाग उभी केली. ती १९७६ मध्ये लोकांना खुली झाली.

बसवताना अडचण एकच, जाडी. बशी पातळ, बरणी जाड, कौल त्याहून जाड. यावर जुना उपाय म्हणजे उलटं काम: कागदावर तुकडे चांगली बाजू खाली ठेवून डिंकाने चिकटवायचे, वरून सिमेंट ओतायचं, आणि पक्कं झाल्यावर पालथं करून कागद भिजवून काढायचा. पृष्ठभाग सपाट येतो. उघड्यावरच्या कामाला साधा लाकडी डिंक आणि प्लायवूड नको, एका पावसात सुटतं. फटीत पांढरं सिमेंट भरावं, काचेच्या कडा त्यात पूर्ण बुडाल्या पाहिजेत. जिथे लहान मुलं बसतात त्या कट्ट्यावर काच वापरूच नये, चिनी माती पुरे.

जुनं घर पाडून अपार्टमेंट होणार असेल तर हे सगळं जेसीबी येण्याआधी. पाया खणायला घेतला की परड्याची माती, काच, शिक्के, गोट्या एकाच डंपरमधून जातात आणि कुठल्या तरी सखल प्लॉटच्या भरावात पडतात.