टाकी काठोकाठ भरावी काय?

भंडाऱ्याहून नागपूर, तुमसर वा साकोलीकडे मोटारीने नित्य जाणे-येणे असलेली व्यापारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. या प्रवासात पेट्रोल पंपावर एक प्रसंग हमखास घडतो. ‘टाकी फुल्ल करा’ असे आपण सांगतो. ठराविक पातळीला नोझल ‘खट्’ असा आवाज करून आपोआप बंद पडते. यंत्रावर समजा १,९६३ रुपयांचा आकडा दिसतो. कर्मचारी विचारतो, “साहेब, राउंड फिगर करून देऊ?” आपण मान डोलावतो आणि तो नोझल किंचित वर ओढून उरलेल्या ३७ रुपयांचे पेट्रोल थोडेथोडे करून टाकीत बसवतो. शंभर रुपयांहून अधिक दराने हा व्यवहार जेमतेम एकतृतीयांश लिटरचा होतो. तरीही तो तोट्याचा आहे, आणि तो तोटा एकट्या गिऱ्हाइकाचा नाही.

प्रथम नोझल का बंद पडते ते पाहू. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा आत ओढली जाते. टाकीतील पातळी वाढून छिद्र पेट्रोलाने झाकले गेले की हवा मिळेनाशी होते, आतील पडदा ओढला जातो आणि झडप मिटते. यात वीज नाही की संगणक नाही. केवळ हवेच्या दाबाचा खेळ आहे. टाकी भरल्याची ती सूचना आहे. तिच्यानंतरही टाकीत थोडी जागा उरते, हे खरे. परंतु ती जागा विसरून राहिलेली नाही, मोटार बनविणाऱ्याने ती हेतुपुरस्सर ठेवलेली असते.

तो हेतू विदर्भातील माणसाला चटकन पटावा. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की पेट्रोलाचे आकारमान साधारण एक हजारांश भागाने वाढते. पंपाच्या जमिनीखालील टाकीत पेट्रोल तुलनेने थंड असते. तेच मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना, दुकानासमोर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत वीस अंशांनी तापले, तर ४० लिटर पेट्रोल सुमारे पाऊण लिटरने फुगते. ही वाढ आणि वाफ सामावून घेण्यासाठीच ती मोकळी जागा असते.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. ‘उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल’ असा संदेश इंडियन ऑइलच्या नावाने उन्हाळा आला की मोबाइलवर फिरू लागतो. त्या कंपनीने तो स्पष्ट शब्दांत नाकारला असून, उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे हिवाळ्यात वा उन्हाळ्यात सारखेच सुरक्षित असल्याचे सांगितले आहे. म्हणजे पहिल्या ‘खट्’पर्यंत टाकी निर्धास्त भरावी. प्रश्न त्यापुढच्या पेट्रोलाचा आहे.

पेट्रोलाची वाफ हवेत जाऊ नये म्हणून आजच्या पेट्रोल मोटारींत सक्रिय कोळशाने भरलेला एक डबा असतो. कारागीर त्यास कॅनिस्टर म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या दुचाकींतही तो असतो. कोळसा वाफ धरून ठेवतो आणि पुढे इंजिन ती ओढून जाळते. हा डबा वाफेसाठी आहे, द्रवासाठी नव्हे. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल त्यात शिरण्याची शक्यता असते. कोळसा एकदा भिजला की मोटारीत पेट्रोलचा वास येणे, पेट्रोल भरल्यावर इंजिन लवकर चालू न होणे, फलकावर इंजिनाचा दिवा लागणे असे त्रास सुरू होतात. मग जो भाग बदलावा लागतो, त्याचा खर्च राउंड फिगरच्या मानाने फार मोठा असतो. डिझेल मोटारीला ही भीती नाही. मात्र डिझेलला फेस येतो आणि ते सांडले तर लवकर उडत नाही, त्यामुळे रस्ता निसरडा होऊन दुचाकीस्वार घसरतो.

काही शहरांतील पंपांवर वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसविलेली असते. तेथे अट्टाहासाने ओतलेल्या पेट्रोलचा काही अंश पंपाच्याच टाकीत परत जाऊ शकतो. पैसे गिऱ्हाइकाचे, माल विक्रेत्याचा! असा सौदा कोणताही व्यापारी आपल्या दुकानात करणार नाही.

सर्वांत गंभीर बाब अखेरीस सांगतो. आपल्या देशातील पेट्रोलात आकारमानाने एक टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले असून, रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आपण पंपावर पाच मिनिटे थांबतो. नोझल धरणारा कर्मचारी दिवसभर तेथेच उभा असतो. आकडा पूर्ण करण्यासाठी तो टाकीच्या तोंडावर वाकतो, तेव्हा ती वाफ सर्वप्रथम त्याच्या श्वासात जाते. आपल्या ३७ रुपयांच्या सोयीसाठी त्याने हे का सोसावे?

काहींचा आक्षेप असा की, काठोकाठ भरल्याशिवाय मोटारीचा ॲव्हरेज काढता येत नाही. हिशेबाला अचूकता लागते, हे मान्य. पण दर खेपेस शक्यतो त्याच पंपावर पहिल्या ‘खट्’ला थांबल्यास मोजमापातील फरक नगण्य राहतो. टाकी अर्धी असतानाच नोझल बंद पडले, तर ती खोटी सूचना समजावी व धार मंद करून पुन्हा भरण्यास सांगावे. पेट्रोल कमी मिळाल्याची शंका असल्यास पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागावे. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

राउंड फिगरची सवय पडली ती सुट्ट्या पैशांच्या अडचणीपायी. बँकेत आयुष्य गेलेल्या मला ती अडचण चांगली ठाऊक आहे. पण आता यूपीआयने १,९६३ रुपये आणि वर ४० पैसेही अचूक देता येतात. अडचण संपली, सवय मात्र उरली. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी टाकी फुल्ल करण्यास सांगताना एवढेच जोडावे : “ऑटो कट झाले की थांबा, राउंड फिगर नको.” आणि हे घरातील गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाला, तसेच आपल्या ड्रायव्हरलाही सांगून ठेवावे.