आधी घर्षण, मग न्यूटन

आठवीच्या वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा. चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटलाय आणि अजून वरच चाललाय. या क्षणी त्याच्यावर कोणतं बल काम करतंय? बहुतेक मुलं चटकन सांगतात, 'फेकल्याचं बल!' एखादी चौकस मुलगी त्यात भर घालते, की वर जाता जाता ते बल कमी होत जातं आणि संपलं की चेंडू खाली येतो. उत्तर अगदी पटण्यासारखं असतं, पण ते चूक आहे. चेंडू सुटला तेव्हाच हाताचं बल संपलं. वर जाताना, अगदी वरच्या टोकाला आणि खाली येताना चेंडूवर एकच बल असतं, ते म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि ते सगळा वेळ खालीच ओढत असतं. हवेचा किरकोळ अडथळा सोडला तर तिथे दुसरं काही नाही.

ही चूक अभ्यास न करणाऱ्या मुलांची नव्हे. गती टिकवायची तर कुणीतरी सतत ढकलत राहायला हवं, असं ॲरिस्टॉटललाही वाटत होतं आणि त्याच्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षं भल्याभल्या विद्वानांनी ते मानलं. १९९० च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गतीवरचे असेच साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. त्यावर एका विद्यार्थ्यानं विचारलं, की उत्तरं कशी लिहू, तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे की मी एरवी विचार करतो त्याप्रमाणे? सूत्रं पाठ असलेल्या, अवघड गणितं सोडवणाऱ्या मुलांच्या डोक्यातही दोन वेगवेगळी भौतिकशास्त्रं सुखानं नांदत असतात, हे माझूर यांना तेव्हा कळलं. त्यानंतर त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली.

आपल्या शाळांत याहून वेगळं चित्र नाही. बालभारतीच्या पुस्तकात सहावीला बलाचे प्रकार येतात, नववीच्या विज्ञानाची सुरुवातच 'गतीचे नियम' या पाठानं होते. न्यूटनचा पहिला नियम मुलं घडाघडा म्हणतात. बाहेरून असंतुलित बल लागलं नाही तर चालती वस्तू एकसमान वेगानं सरळ रेषेत चालतच राहते. पण वर्गाबाहेर पडल्यावर मुलांना दिसतं काय? पॅडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. कपाट ढकलणं सोडलं की ते जागच्या जागी उभं राहतं. आयुष्यात एकदाही न दिसलेल्या गोष्टीवर त्यांनी केवळ पुस्तकात आहे म्हणून विश्वास ठेवायचा असतो. ही सगळी करामत घर्षणाची. आणि हेच घर्षण आपण फायदे आणि तोटे अशा दोन रकान्यांत उरकून टाकतो. खरं तर पहिल्या नियमाकडे जाणारा रस्ता घर्षणातूनच जातो. म्हणून ते आधी आणि हातानं शिकवायला हवं.

त्यासाठी एक वीट, सुतळी आणि प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा वजनकाटा पुरतो. विटेला सुतळी बांधून ती बाकावर ठेवायची, काटा अडकवायचा आणि आडवा, अगदी हळू ओढायचा. सुरुवातीला वीट हलत नाही, पण काट्यावरचा आकडा चढत जातो. ओढ वाढते तसं घर्षणही वाढतं आणि वीट जागीच राहते. मग ती एकदम सुटते आणि त्याच क्षणी आकडा थोडा खाली घसरतो. वस्तू हलवायला जितकं बल लागतं, त्याहून कमी बल ती हलती ठेवायला लागतं, हे मुलं स्वतःच्या डोळ्यांनी काट्यावर वाचतात. गॅसचा भरलेला सिलिंडर सरकवताना घरातल्या मोठ्यांनाही हेच जाणवतं, फक्त तिथे काटा नसतो.

आता वीट कडेवर उभी करायची. ओढण्याआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला लावायचा, की आकडा वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील. ही पायरी गाळू नये. बहुतेक जण लिहितात, 'कमी होईल, कारण टेकलेला भाग कमी झाला.' काटा मात्र जवळपास तोच आकडा दाखवतो. घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही, तर पृष्ठभागांच्या जातीवर आणि त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलावर अवलंबून असतं. गियोम आमोंताँ या फ्रेंच अभ्यासकानं १६९९ मध्ये हे मांडलं, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही ते पटायला जड गेलं होतं. विटेवर दुसरी वीट ठेवली की आकडा जवळपास दुप्पट होतो. विटेखाली चार गोल पेन्सिली आडव्या ठेवल्या की काटा जेमतेम हलतो. अंदाज चुकलेला मुलगा हे विसरत नाही, कारण चुकलेला अंदाज त्याच्याच अक्षरात त्याच्यासमोर असतो.

यापुढे घर्षण कमी कमी करत न्यायचं. कॅरमच्या बोर्डावर पावडर नसताना स्ट्रायकर किती लांब जातो आणि पावडर टाकल्यावर किती, हे मोजायचं. मग जुन्या सीडीच्या भोकावर बाटलीचं टोपण चिकटवायचं, टोपणाला छिद्र पाडून त्यावर फुगवलेला फुगा चढवायचा. फुग्यातली हवा सीडीखालून निसटते, सीडी हवेच्या पातळ थरावर उचलली जाते आणि बोटाच्या एका टिचकीनं गुळगुळीत फरशीवर लांबवर तरंगत जाते. फेकून दिलेल्या वस्तूंतून अशी कितीतरी खेळणी अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांच्या हाती दिली. घर्षण इतकं कमी झालेलं पाहिल्यावर वर्गातलंच कुणीतरी विचारतं, अजिबात नसेल तर? हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की पहिला नियम फळ्यावर लिहावा. त्याआधी नाही.

वेगाचं शिकवणं त्या मानानं सोपं समजलं जातं, कारण अंतर भागिले वेळ हे सूत्र एका ओळीचं आहे. पण तिथेही मोजण्याला पर्याय नाही. उतरत्या पन्हळीवरून गोटी सोडायची, मोबाइलवर संथगती चित्रण करायचं आणि समान वेळात गोटीनं किती अंतर कापलं ते पट्टीवर वाचायचं. पहिल्या टप्प्यात एक भाग, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच. विषम संख्यांची ही रांग गॅलिलिओला सापडली होती. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, तर भांड्यातून निथळलेलं पाणी तोलून तो वेळ मोजत असे. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात त्याहून कितीतरी अचूक साधन आहे.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तर एक मोठी प्रयोगशाळा रोज धावत असते. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात आणि प्रवासी वडा घ्यायला उतरतात. तेवढ्यात गाडीला मागून जास्तीची इंजिनं जोडली जातात. कशासाठी? बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडी हजार टनांची धरली तर हा चढ तिला सुमारे २७ टन वजनाइतक्या बलानं मागे ओढतो. पुढचं इंजिन साधारण १२० टनांचं. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कोरड्या, चांगल्या स्थितीत त्या वजनाच्या जेमतेम पाव भाग, म्हणजे ३० टन. पावसात ती आणखी घटते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाकांपुढे रुळावर वाळू सोडली जाते. इंजिनाची ताकद कितीही वाढवली तरी रूळ पकड देतो तेवढंच बल गाडीला मिळतं. २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागच्या इंजिनांशिवाय हाच घाट चढते, कारण तिच्या मोटारी निम्म्या डब्यांखाली विभागलेल्या आहेत. ओढणारी चाकं वाढली आणि त्यांच्याबरोबर पकडही. चढ, वजन, घर्षण आणि बल यांचं हे गणित नववीच्या मुलाला सहज जमतं. तरीही आपल्या परीक्षांत गाडी बहुधा सपाट रुळावर आणि घर्षण नगण्य मानूनच धावते.

हा विषय नीट कळणं गुणांपुरतं नाही. दहावी-बारावीनंतर यातली कितीतरी मुलं दुचाकीवर बसणार आहेत. ताशी ३० किलोमीटरवर ब्रेक दाबल्यापासून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी साधारण पाच मीटरांत थांबू शकते. ताशी ६० ला ते अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं, म्हणजे वीस मीटर. रस्ता ओला असेल तर पस्तीसच्या आसपास. ब्रेक दाबायचं मनात येईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचा चिखल होतो तेव्हा पकड याहूनही कमी असते.

हे मैदानावर सायकलनं दाखवता येतं. ब्रेक लावण्याच्या रेषेआधी दहा मीटरांवर दुसरी रेषा आखायची. हे दहा मीटर अंतर चार सेकंदांत कापलं तर वेग ताशी ९ किलोमीटर, दोन सेकंदांत कापलं तर १८. रेषेवर सारखाच ब्रेक दाबायचा आणि सायकल कुठे थांबली ते टेपनं मोजायचं. मग कमी वेगानं तोच प्रयोग पाणी मारलेल्या जमिनीवर करायचा. शिक्षकांनी यंदा जूनमध्ये नववीचा पहिला पाठ सुरू करताना खडू खाली ठेवावा, टेप आणि सायकल घेऊन मुलांना मैदानावर न्यावं, आणि प्रत्येकाचा अंदाज आधी वहीत उतरवून घ्यावा.