लॉग आणि माझं परत आलेलं जर्नल

बारावीत ‘लॉग एक्सचं डेरिव्हेटिव्ह वन अपॉन एक्स’ नुसतं घोकलं होतं. उमगलं फर्स्ट इयरला, पेंडुलमचं जर्नल ‘रिपीट’ शेरा घेऊन परत आलं तेव्हा.

जी म्हणजे चार पाय स्क्वेअर गुणिले एल, भागिले टी स्क्वेअर. दोन्हीकडे नॅचरल लॉग घेऊन डिफरन्शिएट करा. कॉन्स्टंट गेला. उरलेला प्रत्येक बदल वन अपॉनमुळे त्याच राशीने भागला जातो, म्हणजे टक्केवारीच! जीमधली चूक = एलमधली + टीमधलीची दुप्पट. (चिन्ह वजा येतं, पण चुका वाईटात वाईटच धरायच्या.)

मी मीटरभर दोरा मिलिमीटरपर्यंत मोजला, अन् स्टॉपवॉच दाबलं एकाच ऑसिलेशनला. दोन सेकंदांत ०.२ चुकलं की १० टक्के, जीमध्ये जवळजवळ २०. वीस ऑसिलेशन्स घेतली, तेच ०.२ चाळीस सेकंदांत विरलं. चूक १ टक्का. जर्नलवर सही झाली.