धानाच्या हंगामात सर्व्हर का अडतो?

भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपली की शेतकऱ्याला ई-पीक पाहणी करावी लागते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत खातेदार स्वतःच गट नंबर निवडतो, पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. पुढे हमीभावाने धान विकताना हीच नोंद लागते. त्यामुळे शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद पडला तर नुकसान थेट शेतकऱ्याचे होते.

सरासरी फसवते

समजा, 2 लाख खातेदार आहेत. ते 30 दिवसांत, रोज 10 तासांत सारखे विभागून आले, तर साधारण 5 सेकंदांना एक नोंद होईल. पण निम्मे लोक शेवटच्या दिवशी 4 तासांत आले, तर सेकंदाला जवळपास 7 नोंदी, म्हणजे सुमारे 37 पट ताण. नियोजन याच आकड्यावर व्हायला हवे. 28 एप्रिल 2021 रोजी 18 वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीकरणाची नोंदणी खुली होताच कोविन पोर्टलही सुरुवातीला अडखळले होते.

कोंडी डेटाबेसमध्ये

वेब सर्व्हर वाढवणे त्या मानाने सोपे. पुढे काम वाटून देणारा लोड बॅलन्सर ठेवायचा आणि लॉगिनची माहिती कोणत्याही एका सर्व्हरवर अडकू द्यायची नाही. मात्र दहा सर्व्हर एकाच डेटाबेसवर तुटून पडले तर उपयोग शून्य. गावांची, पिकांची यादी रोज बदलत नाही. ती कॅशेमधून, म्हणजे तात्पुरत्या जलद साठ्यातून द्यावी. फोटो डेटाबेसबाहेर, वेगळ्या साठ्यात ठेवावेत. आलेली नोंद आधी सुरक्षित रांगेत घ्यावी, शेतकऱ्याला लगेच पोच क्रमांक द्यावा आणि सातबाऱ्यावरचा पेरा मागाहून चढवावा. हा पोच क्रमांक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो हाती नसला की माणूस घाबरून पुन्हापुन्हा बटण दाबतो आणि ताण आणखी वाढतो.

रेंज नसलेला बांध

जंगलालगतच्या शिवारात रेंज जाते. म्हणून फोटो मोबाइलमध्येच लहान करून साठवावा, रेंज आली की पाठवावा. पाठवणे फसले तर सगळ्या मोबाइलनी एकाच क्षणी पुन्हा प्रयत्न करू नये. प्रत्येकाने कमीजास्त वेळ थांबावे. एकच नोंद दोनदा पोहोचली, तरी ती एकदाच धरली जावी.

तालीम जुलैमध्ये

आपोआप वाढणाऱ्या सर्व्हरनाही उभे राहायला काही मिनिटे लागतात. शेवटची तारीख मात्र आधीच ठाऊक असते, तेव्हा जादा सर्व्हर आदल्या रात्रीच जोडावेत. त्याआधी, जुलैमध्ये, खोट्या नोंदींचा अपेक्षेच्या दुप्पट मारा करून आधी काय कोलमडते ते पाहावे. शक्य असेल तिथे जिल्ह्यातील सातही तालुक्यांना वेगवेगळ्या शेवटच्या तारखा द्याव्यात; एका पैशाचेही यंत्र न घेता शेवटच्या दिवसाची गर्दी विभागली जाते.