पाण्याचे गुणधर्म : विहिरीपासून धरणापर्यंत

विहिरीवर बसविलेला पंप दिवाळीत भरभरून पाणी देतो आणि वैशाखात अचानक पाणी उचलेनासा होतो, हा अनुभव दख्खनच्या पठारावरील अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. विहिरीच्या तळाशी पाणी दिसत असते, मोटार फिरत असते, वीजही खर्च होत असते; परंतु पाटात पाणी येत नाही. अशा वेळी पंप बिघडला असे समजून तो दुरुस्तीस नेला जातो, किंवा कर्ज काढून अधिक अश्वशक्तीची मोटार आणली जाते. पुष्कळदा दोष पंपाचा नसतो, मोटारीचाही नसतो. पाण्याच्या आणि हवेच्या काही मूलभूत गुणधर्मांनी घातलेली ती मर्यादा असते. हे गुणधर्म कोणते आणि विहीर, शेत, जलवाहिनी व धरण यांच्या कामात त्यांचा संबंध कसा येतो, हे समजून घेतल्यास पैसा आणि पाणी या दोहोंचीही बचत होऊ शकते.

द्रायू म्हणजे काय ?

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून शास्त्रात द्रायू अशी संज्ञा आहे. घन पदार्थ आणि द्रायू यांतील भेद केवळ टणकपणाचा नाही. टेबलावर चिकटवलेल्या रबराच्या तुकड्याचा वरचा पृष्ठभाग बाजूला ढकलला, तर तो थोडा तिरका होतो आणि तेथेच थांबतो. बल काढून घेताच पूर्ववत होतो. द्रायूचे तसे नाही. त्याच्या एका थराला दुसऱ्या थरावरून सरकविणारे बल कितीही अल्प असले, तरी ते असेपर्यंत द्रायू सरकतच राहतो. या सरकविणाऱ्या बलास कर्तन बल म्हणतात. स्थिर अवस्थेत कर्तन बल सहन न करणे, हीच द्रायूची खरी व्याख्या होय. पाण्याचा पृष्ठभाग सपाट का राहतो, आणि पाण्याचा दाब भांड्याच्या भिंतीवर नेहमी काटकोनातच का पडतो, याचे उत्तर या एका व्याख्येत सामावलेले आहे.

घनता आणि दाब

एक घनमीटर जागेत मावणारे पदार्थाचे वस्तुमान म्हणजे त्याची घनता. शुद्ध पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअस तपमानास सर्वाधिक, म्हणजे १,००० किलोग्रॅम असते. समुद्राचे पाणी क्षारांमुळे अधिक जड, सुमारे १,०२५ किलोग्रॅम, तर पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. आपल्या सभोवतालच्या हवेचे एक घनमीटर मात्र जेमतेम १.२ किलोग्रॅम भरते.

द्रवाच्या पोटातील दाब हा त्याची घनता आणि खोली यांवर अवलंबून असतो. पाणी किती दूरवर पसरले आहे यावर नव्हे. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोग्रॅमने वाढतो. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. शंभर मीटर खोलीवर पाण्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर शंभर टन वजनाइतका होतो. शंभर मीटर खोल पाण्याचा जलाशय पन्नास किलोमीटर पसरलेला असो की एखाद्या अरुंद चराएवढा असो, भिंतीच्या दर चौरस मीटरवरील हा दाब तेवढाच राहील. धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायाशी रुंद बांधतात, ती याचकरिता.

हवेचे वजन आणि पंपाची मर्यादा

आता आरंभीच्या विहिरीकडे वळू. पंप पाणी ओढून घेतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः पाण्याला ओढता येत नाही. पंप आपल्या पोटातील दाब कमी करतो, आणि विहिरीतील पाण्यावर भार टाकणारी बाहेरची हवा पाण्याला नळीतून वर ढकलते. म्हणजे पाणी वर चढविण्याचे पहिले काम हवा करते. ती जेवढे ढकलू शकेल, त्याहून वर पाणी चढणार नाही.

ठराविक उंचीपलीकडे पंपाने पाणी चढत नाही, याचा उल्लेख गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. त्याचे खरे कारण टोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून दाखविले. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. पाणी पाऱ्याहून १३.६ पट हलके असल्याने तोच दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. पुढे १६४८ साली पास्कालच्या सूचनेवरून फ्रान्समधील एका पर्वतावर हा प्रयोग करण्यात आला. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि पारा नळीत खाली उतरतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असलेल्या पुण्यास ही १०.३ मीटरची मर्यादा ९.७ मीटरच्या आसपास येते. परंतु एवढी उंचीही प्रत्यक्षात पदरात पडत नाही, कारण येथे पाण्याचा आणखी एक गुणधर्म आड येतो.

बाष्पदाब

पाण्याचे काही कण सतत वाफ होऊन बाहेर पडत असतात. या वाफेचा जो दाब असतो, त्यास बाष्पदाब म्हणतात. तपमान वाढले की तो झपाट्याने वाढतो, आणि तो बाहेरील दाबाइतका झाला की पाणी उकळते. समुद्रसपाटीवर हे १०० अंशांस घडते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९५ ते ९६ अंशांसच उकळू लागते. याचा अर्थ असा की, दाब पुरेसा कमी केल्यास पाणी चुलीवाचूनही उकळू शकते.

पंपाच्या पोटात नेमके हेच घडण्याचा संभव असतो. पंप पाण्यापासून फार उंच बसविला असेल, तर आतील दाब बाष्पदाबाइतका खाली उतरतो आणि थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे निर्माण होतात. पुढे अधिक दाबाच्या जागी पोचताच हे बुडबुडे फुटून मिटतात. त्या असंख्य सूक्ष्म आघातांनी पंपाच्या पंख्यावर खड्डे पडतात आणि आतून खडे खळखळल्यासारखा आवाज येतो. अभियंते यास कॅव्हिटेशन म्हणतात.

हिशेब करावयाचा तर तो असा होतो. पठारावर हवेचा दाब ९.७ मीटर, त्यातून ३० अंश तपमानाच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे ०.४ मीटर वजा. नळी, वाकणे आणि फुटव्हॉल्व्ह यांतील घर्षणाचा वाटा वजा. आणि बुडबुडे होऊ नयेत म्हणून पंपाच्या तोंडाशी राखावयाचा दाबही वजा. शेवटी साधारणपणे सहा मीटर उंची हाती राहते. या हिशेबात मोटारीच्या अश्वशक्तीचा आकडा कोठेच येत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पंपाच्या वर पाणी किती उंच चढवावयाचे ते अश्वशक्ती ठरविते. पंपाच्या खालून पाणी किती उचलले जाईल ते हवा ठरविते. म्हणून पाणी खाली गेल्यावर मोठी मोटार घेण्यापेक्षा पंपच विहिरीत खाली उतरवून पाण्याजवळ बसविणे, सक्शनची नळी पुरेशा व्यासाची आणि कमी वाकणांची ठेवणे, किंवा पाण्यात बुडालेला राहणारा सबमर्सिबल पंप वापरणे, हेच शास्त्रशुद्ध उपाय होत.

श्यानता

मध आणि पाणी यांची धार सारखी पडत नाही. द्रायूचे थर एकमेकांवरून सरकताना त्यांच्यात जे अंतर्गत घर्षण होते, त्यास श्यानता म्हणतात. कर्तन बल आणि थरांच्या वेगांतील फरक यांचे प्रमाण सरळ असते, हा विचार न्यूटनने १६८७ सालच्या ग्रंथात मांडला. पाणी, हवा, रॉकेल यांसारखे द्रायू हा नियम पाळतात. ओले सिमेंट, रंग किंवा चिखल यांची वागणूक मात्र निराळी असते. ढवळण्याच्या वेगानुसार त्यांची श्यानता बदलते.

तपमानाचा श्यानतेवर मोठा परिणाम होतो. पाण्याचे तपमान १० अंशांवरून ४० अंशांवर गेले, तर त्याची श्यानता जवळजवळ निम्मी होते. हवेच्या बाबतीत मात्र याच्या उलट प्रकार घडतो. हवा तापली की तिची श्यानता वाढते. द्रवात श्यानता मुख्यत्वे कणांच्या परस्पर आकर्षणातून उद्भवते आणि उष्णतेने हे आकर्षण सैल पडते. वायूत ती कणांच्या धावपळीतून उद्भवते आणि उष्णतेने ही धावपळ वाढते.

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते, तेव्हाही श्यानतेचा प्रत्यय येतो. एक दशांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या एक दशांश जाडीच्या कणास सुमारे तीन तास लागतात, आणि त्याहूनही दहापट बारीक असलेल्या मातीच्या कणास बारा-तेरा दिवस लागतात. कण दहापट लहान झाला की वेग शंभरपट घटतो. एवढा काळ पाणी साठवून ठेवणे कोणत्याही जलशुद्धीकरण केंद्रास परवडणार नाही. म्हणून पाण्यात तुरटी मिसळतात. तुरटीमुळे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लवकर तळाशी जातात. घरोघरी हंड्यात तुरटी फिरविण्याच्या जुन्या रीतीमागचे शास्त्र हेच आहे.

पृष्ठताण आणि क्षारपड जमीन

पाण्याच्या आतील कणास सर्व बाजूंनी सारखे आकर्षण असते. पृष्ठभागावरील कणास मात्र ते आतल्या बाजूनेच अधिक असते. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्याप्रमाणे वागतो. हा पृष्ठताण होय. पावसाचा थेंब गोल होतो आणि पाण्यावर किडा चालू शकतो, तो यामुळेच. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते, त्या केशाकर्षणाचे मूळही पृष्ठताणात आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढते, तर त्याच्या एक दशांश व्यासाच्या नळीत तीस सेंटिमीटर.

मातीच्या कणांमधील पोकळ्या म्हणजे अशा असंख्य केशनलिकाच होत. पिकांच्या मुळांशी ओल टिकते ती त्यांच्यामुळे. परंतु याच गुणाचा दुसरा परिणाम सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील बागायती भागात दिसून आला आहे. काळ्या भारी जमिनीस गरजेपेक्षा अधिक पाणी दिल्यास भूजलाची पातळी वर येते. केशाकर्षणाने ते पाणी पृष्ठभागापर्यंत चढते आणि उन्हाने त्याची वाफ होते. पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. वर्षानुवर्षे हे चालू राहिल्यास जमिनीवर पांढरा थर साचतो आणि एके काळची उत्तम जमीन क्षारपड होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे पाण्याची पातळी केशाकर्षणाच्या टप्प्याखाली राखणे. त्यासाठी मोजके पाणी देणे, ठिबक सिंचनाचा अवलंब करणे आणि चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ्या यांच्या साहाय्याने निचरा करणे आवश्यक ठरते.

संपीड्यता आणि जलाघात

हवा दाबली की तिचे आकारमान सहज कमी होते. पाणी मात्र जवळजवळ दबत नाही. शंभर वातावरणांइतका दाब दिला तरी त्याचे आकारमान अर्ध्या टक्क्यानेही घटत नाही. या ताठरपणामुळे पाणी आघात पचवू शकत नाही. लांब जलवाहिनीतून सेकंदास एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडविले, तर पोलादी नळात सुमारे शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब क्षणार्धात निर्माण होतो. यास जलाघात म्हणतात. उपसा सिंचन योजनेत वीज अकस्मात गेल्यावर नळ फुटतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. झडपा सावकाश बंद करणे, हवेच्या झडपा आणि दाब सोडणाऱ्या झडपा योग्य जागी बसविणे, ही खबरदारी घ्यावी लागते. १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झालेल्या कोयना प्रकल्पात बोगद्याच्या शेवटी उल्लोळ विहीर ठेवलेली आहे. यंत्रे एकदम थांबल्यास बोगद्यातून धावत येणारे पाणी या विहिरीत उंच चढते आणि आघात शमतो.

घनता, दाब, बाष्पदाब, श्यानता, पृष्ठताण आणि संपीड्यता हे गुणधर्म प्रयोगशाळेत मोजले जातात. परंतु त्यांचे परिणाम विहिरीच्या काठावर, उसाच्या फडात आणि धरणाच्या पायाशी दिसून येतात. मुंबई इलाख्यात १९१६ साली सुरू झालेली आणि आज खडकवासला येथे असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था धरणे, कालवे व बंदरे यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करते, ते याच गुणधर्मांच्या आधारे. पाण्याचे नियम कोणासाठी बदलत नाहीत. ते जाणून आखणी केली, तर तेच नियम माणसाच्या उपयोगी पडतात. न जाणता केलेला खर्च मात्र वैशाखातील त्या मोठ्या मोटारीप्रमाणे कोरडा जातो.