केजन मुलुखात मोटरहोमने

मुलूख : अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा दक्षिण भाग, लाफायेत शहराच्या आसपास. बॅटन रूजकडून येताना अचाफलायाच्या दलदलीवरचा सुमारे २९ किलोमीटर लांबीचा पूल लागतो.

माणसं : १७५५ पासून ब्रिटिशांनी नोव्हा स्कॉशियातून हुसकावून लावलेल्या फ्रेंच भाषक अकेडियन लोकांचे वंशज म्हणजे केजन. १९२१ मध्ये राज्याने शाळांतून फ्रेंच हद्दपार केली. वर्गात ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. पुढे १९६८ मध्ये त्याच राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी सरकारी संस्था काढली. मधल्या काळात भाषा तगली ती मुख्यतः घरात आणि गाण्यांत.

संगीत : फिडल, अकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोणाचा ठेका. पहिली केजन ध्वनिमुद्रिका १९२८ मधली; जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांची. मामू गावातल्या फ्रेड्स लाउंजमध्ये शनिवारी सकाळीच नाच सुरू होतो. त्यासाठी प्रवासाचे दिवस मागेपुढे करावे लागले तरी करावेत. झायडेको मात्र इथल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं संगीत. त्याला सरसकट केजन म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

जेवण : गम्बोची सुरुवात तेलात मैदा खरपूस, तपकिरी होईपर्यंत भाजण्यापासून. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. सोबत भात हवाच. भातखाचरांत पाणी भरून क्रॉफिशही वाढवतात. ही शेवंडीच्या जातकुळीतली, पण गोड्या पाण्यातली आणि बोटभर लांब. भरपूर मिळते मार्च ते मे.

मुक्काम : व्हील प्लाटजवळचं चिकॉट स्टेट पार्क. गाडीसाठी वीज-पाण्याची जोडणी मिळते; मामू जवळच.