विमानतळांमधील अंतर व उड्डाणकाल

दोन विमानतळांना जोडणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या लहान चापाची लांबी म्हणजे त्यांमधील हवाई अंतर, तर ते कापण्यास विमानाला लागणारा वेळ म्हणजे उड्डाणकाल होय. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर होणाऱ्या वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील लघुतम मार्ग याच वृत्तावरून जातो. विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून केंद्राशी होणारा कोन काढतात व दर अंशास ६० सागरी मैल (सु. १११ किमी.) या प्रमाणात अंतर मिळवितात. या रीतीने मुंबई-नागपूर अंतर सु. ६८० किमी., तर मुंबई-दिल्ली अंतर सु. १,१४० किमी. भरते.

जमिनीवरील मार्ग मात्र खाड्या, डोंगर व पूल यांच्या अधीन असतो. वसई किल्ल्यालगतचे पाचूबंदर हे मच्छीमारांचे गाव वसईच्या खाडीच्या मुखाशी आहे. तेथून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सु. २७ किमी. असला, तरी रस्त्याने जाताना खाडीला मोठा वळसा पडतो. वसई ते पलीकडचे भाईंदर हे अंतर रस्त्याने सु. ३८ किमी., तर जलमार्गाने सु. ३·५ किमी. आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहनांसह प्रवासी नेणारी बोटसेवा तेथे सुरू झाल्याने हा वळसा टाळता येऊ लागला.

हवाई अंतराला विमानाच्या वेगाने भागून खरा उड्डाणकाल मिळत नाही. ताशी ८०० किमी. वेगाने दिल्ली मुंबईहून दीड तासाच्या आत गाठता यावी. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ दाखवितात. विमान थांब्यावरून हलल्यापासून पुन्हा थांब्यावर उभे राहीपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण व उतरण यांतील कमी वेग, ठरलेले हवाई मार्ग आणि उतरण्यासाठी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांमुळे तो वाढतो.

वाऱ्याचा परिणामही मोठा असतो. विमानाचा हवेतील वेग तोच असला, तरी अनुकूल वाऱ्याने त्याचा जमिनीसापेक्ष वेग वाढतो व प्रतिकूल वाऱ्याने घटतो. मध्य अक्षांशांत उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे मुंबईहून लंडनला जाण्यास सामान्यतः परतीच्या प्रवासापेक्षा अधिक वेळ लागतो. राजकीय कारणांनीही मार्ग लांबतो : २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बव्हंशी बंद राहिल्याने दिल्लीहून यूरोपकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत केलेल्या उड्डाणास सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ लागला. जेट विमानांमुळे उड्डाणकाल पुष्कळ घटला. परंतु विमानतळापर्यंत पोहोचण्याचा व तेथील तपासणीचा वेळ त्या प्रमाणात घटला नाही. त्यामुळे अंतर जितके कमी, तितका एकूण प्रवासात जमिनीवरील वेळेचा वाटा अधिक असतो. मुंबई-पुणे यांसारख्या जवळच्या शहरांमध्ये रेल्वे व रस्ता हीच साधने सोयीची ठरतात, याचे कारण हेच होय.